‘व्हर्नाक्युलर’ : एका विशेषणाची कुळकथा

इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या विशेषणांपैकी ‘व्हर्नाक्युलर’ या विशेषणाइतके संकोचात टाकणारे दुसरे विशेषण माझ्या पाहण्यात नाही. दिल्लीत भारतीय भाषांच्या अध्यापनात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी प्रत्येकाने ते केव्हा ना केव्हा ऐकलेले असते; इंग्रजीत बोलताना बहुतेकांनी ते वापरलेलेही असते. चर्चासत्रात ते उच्चारले गेले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हटकून उठतो आणि सांगतो की, या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘वर्ना’ हा शब्द आहे आणि ‘वर्ना’ म्हणजे गुलाम. तेव्हा आपल्या भाषांना हे विशेषण लावणे म्हणजे त्यांना दासींच्या पंक्तीला बसविणे होय. क्षणभर शांतता पसरते, वक्ता शब्द बदलून ‘भारतीय भाषा’ असे म्हणतो आणि चर्चा पुढे सरकते. या आक्षेपात तथ्य किती आणि भावना किती, याचा एकदा नीट हिशेब करावा असे बरेच दिवस मनात होते. अलीकडे एका नव्या अभ्यासपत्रिकेच्या इंग्रजी शीर्षकाला मराठी प्रतिशब्द सुचविण्याचे काम माझ्याकडे आले. त्या शीर्षकात हेच विशेषण होते. तेव्हा तो हिशेब टाळता येईना.

व्युत्पत्ती खोटी नाही. ‘वर्ना’ म्हणजे धन्याच्या घरात, त्याच्याच दासीच्या पोटी जन्मलेला गुलाम. युद्धात पकडून आणलेला किंवा बाजारात विकत घेतलेला गुलाम तो निराळा. पेशवाईतील कागदपत्रांत कुणबिणींचे व त्यांच्या मुलांचे जे उल्लेख येतात ते आठवले, म्हणजे ‘वर्ना’ कोण हे मराठी वाचकाला अधिक सांगावे लागत नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द ‘लेकवळा’ हा होय. घरात वाढलेला, घरातलीच भाषा बोलणारा, घराची सारी बिंगे ठाऊक असलेला, परंतु घराचा वारस नव्हे. रोमन वाङ्मयात हा घरजन्मा दास लाडावलेला आणि तोंडाळ म्हणून रंगविलेला आढळतो. धन्याला उलट बोलण्याचे धाडस विकत घेतलेल्या दासापाशी नसते. ते याच्यापाशी असते, कारण धन्याची भाषा ही त्याची जन्मभाषाच असते.

परंतु ‘वर्ना’पासून ‘वर्नाक्युलुस’ हे विशेषण सिद्ध झाले आणि त्याचा अर्थ लॅटिनमध्येच पसरू लागला. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात व्हारो या पंडिताने लॅटिन भाषेवर ग्रंथ लिहिला. त्यात जलचरांच्या नावांचा विचार करताना तो काही नावे ‘वर्नाक्युलुस’, म्हणजे घरची, आणि काही परकी अशी वाटणी करतो. माशांच्या नावांना गुलामगिरी चिकटविण्याचा त्याचा हेतू असणे शक्य नाही. त्याचा समकालीन सिसरो याने रोमन वक्तृत्वाच्या इतिहासावर ‘ब्रूटस’ नावाचा संवाद रचला आहे. त्यात ग्रानिउस नावाच्या लिलाव पुकारणाऱ्याची हकीकत येते. प्लासेंटियाहून आलेला टिंका नावाचा एक गृहस्थ विनोदात त्याच्या तोडीस तोड होता. तरीही ग्रानिउस त्याच्यावर मात करी, ती बोलण्यातील एका ‘वर्नाक्युलुस’ चवीच्या जोरावर, असे सिसरो सांगतो. ही चव परगण्यातली नव्हे. ती खास रोम शहराची, राजधानीच्या रस्त्यांवर घडलेली चव आहे. परगण्यातून आलेल्या मनुष्याला ती साधत नाही. म्हणजे हे विशेषण येथे स्तुतीचे आहे, आणि ज्यांना ‘वर्नाक्युलुस’ चव नाही ते बाहेरचे ठरले आहेत.

तेव्हा केवळ मुळावरून शब्दाला दोषी ठरविणे व्युत्पत्तिशास्त्राला धरून होत नाही. आपल्या धर्मशास्त्रांत ‘साहस’ हा बलात्कृत गुन्ह्याचा प्रकार होता. आज आपण मुलांना साहसकथा वाचावयास देतो आणि कोणाच्या मनात दंडसंहिता येत नाही. शब्द कुळावर जगत नाही, व्यवहारावर जगतो. इंग्रजीत ‘व्हर्नाक्युलर’ हे विशेषण सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर रूढ होऊ लागले, तेव्हा लॅटिनच्या मानाने खुद्द इंग्रजी हीच व्हर्नाक्युलर होती. तिच्या कवींना वा गद्यकारांना त्यात अपमान वाटल्याचे दिसत नाही. मग हा शब्द आपल्यालाच का बोचतो? त्याचे उत्तर रोममध्ये सापडावयाचे नाही. ते आपल्या देशात, आणि काही अंशी याच शहरात शोधले पाहिजे.

१८३५ साली मेकॉलेने आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले. त्यात या देशातील लोकभाषांना भाषेचा दर्जाही न देता बोली म्हणून संबोधिले आहे आणि त्यांना संस्कारित करण्याचे काम इंग्रजी शिकलेल्या वर्गावर सोपविले आहे. पुढे १८३७ च्या कायद्याने न्यायालयांतून व महसुली कामकाजातून फारसी हटविण्याचा मार्ग मोकळा झाला आणि तिच्या जागी त्या त्या प्रांतातील ‘व्हर्नाक्युलर’ आणण्याचे धोरण ठरले. येथवर हा प्रशासकीय शब्द आहे. परंतु दिल्लीत त्याला लवकरच निराळी संगत लाभली. १७९२ च्या एका मदरशातून १८२५ साली दिल्ली कॉलेज उभे राहिले होते. १८४० नंतरच्या काही वर्षांत तेथील प्राचार्य फेलिक्स बुत्रो यांच्या पुढाकाराने जी भाषांतर संस्था काम करू लागली, ती ‘व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटी’ याच नावाने ओळखली गेली. गणित, पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास, कायदा अशा विषयांवरील ग्रंथ तिने उर्दूत आणविले. बुत्रोंच्या मागून आलेले आलोइस श्प्रेंगर यांनीही ते काम पुढे नेले. मास्तर रामचंद्र यांनी तेथेच उर्दूतून विज्ञान शिकविले, नियतकालिके चालविली आणि १८५० साली गणितातील महत्तम-लघुतम मूल्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याची दखल घेऊन ऑगस्टस डी मॉर्गनने तो १८५९ मध्ये लंडनहून पुन्हा प्रसिद्ध करविला. कश्मीरी दरवाजानजीकची दारा शुकोहच्या ग्रंथालयाची म्हणून ओळखली जाणारी इमारत या कॉलेजकडे काही काळ होती. आज तिथे फाळणीचे संग्रहालय आहे. १८५७ च्या धामधुमीत कॉलेज लुटले गेले, ग्रंथसंग्रहाची वाताहत झाली, पुढे १८६४ मध्ये ते पुन्हा उघडले आणि १८७७ मध्ये बंद पडले.

दिल्लीकरांना ‘व्हर्नाक्युलर’ या शब्दाने कमीपणा आला असेल, असे मला वाटत नाही. ज्या भाषेला तो लावला गेला ती लाल किल्ल्यातली आणि जामा मशिदीच्या पायऱ्यांवरची भाषा होती. याच कॉलेजचे विद्यार्थी मुहम्मद हुसेन आझाद यांनी १८८० साली ‘आबे हयात’ लिहिले. त्यात मीर तकी मीरची एक आख्यायिका आहे. लखनौचे काही प्रतिष्ठित गृहस्थ मीरकडे कविता ऐकावयास आले. मीरने त्यांना वाटेला लावले, कारण त्याच्या मते त्याची कविता समजण्यासाठी कोशवाङ्मय पुरेसे नव्हते. त्यासाठी जामा मशिदीच्या पायऱ्यांवरची बोली कानांवरून गेलेली असावी लागते. ग्रानिउसची चव हीच, आणि टिंकाची अडचणही हीच. आझादांच्या समोर सिसरोचा ग्रंथ नव्हता हे उघड आहे. तरीही रोमच्या लिलाववाल्याचे आणि दिल्लीच्या कवीचे म्हणणे एकच आहे.

आपल्या मुलखात या विशेषणाचा प्रवेश वेगळ्या दाराने झाला. मुंबई इलाख्यात १८४७ च्या सुमारास शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. जॉर्ज जर्व्हिस यांनी देशभाषांची बाजू घेतली आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांना पाठिंबा दिला. त्या वादातील निवेदनांत हा शब्द इतक्या वेळा येतो की, तो भांडणाचा नव्हे तर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या सोयीचा शब्द होता असे म्हणावे लागते. पुढे मराठी शाळांच्या सातव्या इयत्तेअखेर जी परीक्षा घेतली जाई तिचे नावच ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पडले. ती उत्तीर्ण झालेल्याला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळण्याची आशा असे.

माझे आजोबा खानदेशातील एका खेड्यात याच परीक्षेच्या बळावर मास्तर झाले. त्यांचे प्रमाणपत्र पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले असे आणि दिवाळीच्या साफसफाईत ते एकदा उन्हात धरले जाई. ‘फायनल झालेला माणूस’ ही त्या काळी गावातली पदवीच होती. पत्र वाचून घ्यावयाचे असो की सावकाराच्या खतावर सही करण्यापूर्वी ते तपासून घ्यावयाचे असो, लोक अशा माणसाकडे येत. ‘व्हर्नाक्युलर’चा उच्चार गावात तीन-चार प्रकारांनी होई, त्यात ‘वर्ना’ कोठे लपला आहे याची शंका कोणाला येण्याचे कारण नव्हते. त्या शब्दाने आमच्या घरात मान आणला, पगार आणला आणि एक घड्याळ आणले. आज सभागृहात कोणी गुलामगिरीची व्युत्पत्ती सांगू लागला की मला आधी ते नळकांडे आठवते.

मात्र त्या प्रमाणपत्रात एक गोष्ट अशी होती की जिचा उलगडा मला दिल्लीत आल्यावर पुष्कळ वर्षांनी झाला. तिच्याकडे मी पुढे येतो.

शब्दाला खरा डंख आला तो राजकारणातून. १४ मार्च १८७८ रोजी लॉर्ड लिटनच्या सरकारने वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा जो कायदा केला तो इतिहासात ‘व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्ट’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. गंमत अशी की कायद्याच्या अधिकृत नावात हे विशेषण नाही; तेथे ‘पौर्वात्य भाषांतील प्रकाशने’ असे शब्द आहेत. ‘व्हर्नाक्युलर’ हे लोकांनी दिलेले नाव, आणि ते अधिक अचूक होते. कारण कायद्याचा रोख पूर्वेवर नव्हता, इंग्रजी सोडून बाकी सर्वांवर होता. मजकूर तोच असला तरी इंग्रजीत छापला तर तो या कायद्याच्या कक्षेबाहेर राही. कलकत्त्याची ‘अमृत बाजार पत्रिका’ त्याच महिन्यात संपूर्ण इंग्रजी झाली ती यामुळे. पुण्यात जानेवारी १८८१ मध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर प्रभृतींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे सुरू केली तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता. तो १८८२ साली रद्द झाला. एकाच मंडळीच्या डोक्यातून निघालेली दोन पत्रे. त्यांतील एक कायद्याच्या दृष्टीने संशयित आणि दुसरे मोकळे, केवळ भाषेमुळे. विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’चा आरंभ १८७४ साली मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवरील निबंधाने केला होता. त्यानंतर चारच वर्षांत सरकारने त्या स्थितीचा आपला अन्वयार्थ कायद्याच्या रूपाने लिहून दाखविला असे म्हणावयास हरकत नाही.

येथे या विशेषणाचे व्याकरण तपासले पाहिजे, कारण माझ्या मते अपमान व्युत्पत्तीत नसून व्याकरणात आहे. इंग्रजीत ते नामासारखे वापरले जाते, पुष्कळदा एकवचनात, आणि त्याच्यापुढे भाषेचे नाव येत नाही. अमुक पुस्तक ‘व्हर्नाक्युलरमध्ये’ आहे, अमुक विद्यार्थी ‘व्हर्नाक्युलर माध्यमाचा’ आहे. कोणती भाषा? ती ओडिया आहे की मराठी की मणिपुरी, हे सांगण्याची आणि विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. हा शब्द भाषेचे वर्णन करीत नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती भाषा कोठे बसते एवढेच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिष्यवृत्तीच्या निवड समितीत मी सदस्य होतो. विदर्भातील एका विद्यार्थिनीने सत्यशोधकी जलशांवर मराठीत लिहिलेला प्रबंध अर्जासोबत जोडला होता. संशोधन पहिल्या प्रतीचे होते. गावोगाव फिरून मिळविलेली हस्तलिखिते तिने वापरली होती. कार्यालयाने तयार केलेल्या तक्त्यात तिच्या नावापुढे ‘एक व्हर्नाक्युलर प्रबंध’ एवढीच नोंद होती. मी तीत पेन्सिलीने ‘मराठी’ हा शब्द घातला आणि त्या प्रबंधाविषयी दहा मिनिटे बोललो. अध्यक्षांनी ते सौजन्याने ऐकून घेतले व इंग्रजीतील दोन पानी निवेदनाच्या आधारे गुण द्यावेत असे सुचविले. शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही. कारणे इतरही असतील. पण त्या दुपारी कोणाच्याही मनात ‘वर्ना’ नव्हता, कोणाचा हेतू वाईट नव्हता, आणि तरीही तीन वर्षांची मेहनत एका विशेषणात नाहीशी झाली होती.

शब्द बदलल्याने हे बदलते का? बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. आशुतोष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने १९१९ साली कलकत्ता विद्यापीठात भारतीय भाषांचा एम. ए. चा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा त्याचे नाव ‘इंडियन व्हर्नाक्युलर्स’ असेच होते. मराठीला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पुन्हा मानाचे स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी आयुष्याच्या अखेरीस जी खटपट केली तीही याच शब्दाच्या छत्राखाली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या विद्यापीठात असा विभाग निघाला तो ‘आधुनिक भारतीय भाषा’ या नावाने. राज्यघटनेच्या सतराव्या भागात ‘प्रादेशिक भाषा’ हा शब्दप्रयोग आला. आठव्या अनुसूचीत मूळच्या चौदा व आता बावीस भाषा आपापल्या नावाने नोंदल्या गेल्या. ही नावानिशी नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परंतु ‘प्रादेशिक’ म्हणताना मध्य कोठे आहे हे मनात ठरलेले असते, आणि ते बहुधा आपण जेथे उभे आहोत तेथेच असते. रफी मार्गावरील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत मराठी, बंगाली, मल्याळम पत्रांच्या प्रतिनिधींना ‘लँग्वेज प्रेस’चे लोक म्हणतात. इंग्रजी ही जणू भाषाच नव्हे, ती नुसती हवा आहे! गुरगाव आणि नोएडाच्या जाहिरात-कंपन्यांत मात्र जुनाच शब्द जोमाने परतला आहे. तेथे ‘व्हर्नाक्युलर’ ही बाजारपेठ आहे. गूगल आणि के. पी. एम. जी. यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१६ साली भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे सुमारे २३ कोटी ४० लाख होते आणि इंग्रजीतून वापरणारे सुमारे १७ कोटी ५० लाख. संख्येने अधिक ते एका विशेषणात कोंबले जातात आणि संख्येने कमी ते विशेषणाविना राहतात, हे मराठी व्याकरणकाराने टिपून ठेवावे असे उदाहरण आहे.

दुसऱ्या बाजूने, साहित्याभ्यासात या शब्दाचे पुनर्वसन झाले आहे. शेल्डन पोलॉक यांनी १९९८ पासूनच्या लेखांत आणि २००६ च्या बृहद्ग्रंथात, संस्कृतच्या विश्वव्यापी वाङ्मयीन सत्तेनंतर देशभाषांनी राजदरबारी लेखनाचा मान कसा मिळविला, हे याच शब्दाभोवती मांडले. मराठीच्या संदर्भात ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २०१६ मध्ये त्याला महत्त्वाची पुरवणी जोडली. तेराव्या शतकातील मराठीचा उदय केवळ यादवांच्या दरबारातून समजत नाही. महानुभावांचे गद्य आणि ज्ञानेश्वरी यांतील दैनंदिन जीवनाची ओढ पाहिल्याखेरीज तो समजत नाही, असा त्यांचा आशय आहे. माझे तरुण सहकारी या ग्रंथांवर वाढलेले आहेत. त्यांच्या कानांना ‘व्हर्नाक्युलर’ हा शब्द लढाऊ वाटतो, आणि आमच्या पिढीचा संकोच त्यांना अजब वाटतो. अभ्यासपत्रिकेचे शीर्षक त्यांच्याच आग्रहाने ठरले होते.

आता प्रतिशब्दाचा प्रश्न. ‘मातृभाषा’ चालत नाही. लेखनाची भाषा ही लेखकाची मातृभाषा असतेच असे नाही. ‘लोकभाषा’ म्हटले की दरबारात लिहिलेले सारे काव्य बाहेर राहते. ‘प्राकृत’ हा शब्द परंपरेने शुद्ध आहे. आपले जुने ग्रंथकार मराठीला प्राकृतच म्हणत. पण त्याला एका विशिष्ट भाषासमूहाचा शास्त्रीय अर्थ आता इतका चिकटला आहे की गोंधळ माजेल. शिवाय ‘प्राकृत जन’ म्हणताना जुने पंडित नाक मुरडीत, तेव्हा ‘व्हर्नाक्युलर’मधील ओशाळेपणा त्यातही आहेच, तो इंग्रजांनी आणला असे म्हणता येत नाही. ‘देशी’ हा सर्वांत जवळचा. परंतु भालचंद्र नेमाडे यांनी १९८३ पासून देशीयतेची जी मांडणी केली तिच्यामुळे मराठीत या शब्दाला आता एका वादाचा झेंडा लागला आहे, आणि दिल्लीतील हिंदी सहकाऱ्यांना तर ‘देसी’ म्हटले की तूप आणि दारू यांपलीकडचे काही आठवत नाही.

मला स्वतःला महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग या सर्व चर्चेत मार्गदर्शक वाटतो. केशवराज सूरी हे संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात ग्रंथरचना करावयाची होती. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या बायकांना त्या ज्ञानाला मुकावे लागेल. या प्रसंगात भाषेच्या थोरवीची चर्चा नाही, अस्मिताही नाही. आचार्यांनी पाहिले ते एवढेच की समोर कोण बसले आहे. ‘वर्ना’ घरातला असतो, तसे घरातल्यांचा विचार करून घेतलेला हा निर्णय आहे. म्हणून मी शेवटी ‘देशभाषा’ हा शब्द सुचविला. तो जुना आहे, त्यात कोणाच्या दर्जाचा निवाडा नाही, आणि ‘देश’ म्हणजे राष्ट्र नव्हे, मुलूख, हा त्याचा जुना अर्थ अभ्यासकाला सहज पटवून देता येतो. समितीने तो मान्य केला.

त्याच सुमारास, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही तो त्याच दिवशी मिळाला. मला आनंद झाला हे नाकारीत नाही. तरी ‘अभिजात’ हे विशेषण ‘व्हर्नाक्युलर’चे जोडीदार आहे, एक असल्याखेरीज दुसऱ्याला अर्थ नाही, आणि ज्या माडीवर आपण चढलो तिच्याखाली कोणीतरी तळमजल्यावर राहणारच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत, तालकटोऱ्याला भरले. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली या शहरात संमेलन झाले होते, त्यानंतरचे हे पहिलेच. या वेळच्या अध्यक्षा डॉ. तारा भवाळकर. त्यांचे आयुष्य लोकसाहित्याच्या, लोकरंगभूमीच्या आणि जात्यावर रचल्या गेलेल्या स्त्रियांच्या गीतांच्या अभ्यासात गेले आहे. अभिजाततेच्या वर्षी या अभ्यासिकेची निवड व्हावी ही घटना मला त्या दर्जाच्या घोषणेहून अधिक मोलाची वाटली.

आता त्या प्रमाणपत्राकडे येतो. आजोबांनी उत्तीर्ण केलेल्या परीक्षेतील ‘व्हर्नाक्युलर’ म्हणजे पुस्तकी मराठी. ती त्यांच्या घरी कोणी बोलत नव्हते. घरात आजी, तिच्या सासूबाई, गड्यांची माणसे, सारे अहिराणी बोलत. आजोबाही शाळेतून परत आले की पगडी खुंटीला लावावी तशी मराठी बाजूला ठेवून अहिराणीत शिरत. शब्दाच्या मूळ अर्थाने, म्हणजे घरात जन्मलेली या अर्थाने, आमच्या घरातील ‘वर्नाक्युलुस’ भाषा ती होती, आणि प्रमाणपत्रावर तिला जागा नव्हती. शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना छडी बसे. ती छडी आजोबांच्याच हातात असे. तेव्हा इंग्रजीने मराठीला एका विशेषणात ढकलले ही तक्रार करताना मराठीने आपल्या अंगणात कोणती विशेषणे वाटली आहेत, याचाही जाब द्यावा लागतो. कोकणी ही मराठीची बोली आहे असे आमच्या कित्येक थोर पंडितांनी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली, तेव्हा मराठीत जी कुरकुर झाली तिचा सूर ‘एक व्हर्नाक्युलर प्रबंध’ असे लिहिणाऱ्या कार्यालयाहून फारसा वेगळा नव्हता.

‘देशभाषा’ ही अभ्यासपत्रिका आता शिकविली जाणार आहे. तिच्या पाठ्यसूचीत प्रत्येक वेच्यापुढे भाषेचे नाव लिहावे, ‘देशभाषा’ एवढ्यावर भागवू नये, अशी सूचना मी केली आणि ती विनाचर्चा संमत झाली. मी दिलेल्या वेच्यांत खानदेशातील लग्नगीतांचा एक लहानसा गट आहे. त्यापुढे मी ‘अहिराणी’ असे लिहिले होते. टंकलिखित प्रत परत आली तेव्हा तेथे ‘मराठी’ असा शब्द होता आणि समासात एक टीप होती की अहिराणी ही मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत नाही. मी पुन्हा ‘अहिराणी’ लिहून प्रत पाठविली आहे. समितीची पुढील बैठक सत्र उघडल्यावर व्हावयाची आहे.